२२ जून
ग्रेगोरियन कॅलेंडरमधील १७३ वा (लीप वर्षात १७४ वा) दिवस. पिंपरी-चिंचवडच्या इतिहासात ही तारीख मूळ चिंचवडच्या चापेकर बंधूंशी जोडलेली आहे.

महत्त्वाची घटना : १८९७ साली प्लेगच्या साथीत पुण्यात घरझडत्या आणि सक्तीच्या विलगीकरणामुळे असंतोष पसरला होता. प्लेग समितीचा प्रमुख वॉल्टर चार्ल्स रँड हा २२ जून १८९७ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवी समारंभाहून परतत होता. रात्री गणेशखिंड रस्त्यावर दामोदर हरी चापेकर यांनी त्याच्यावर, तर त्यांचे बंधू बाळकृष्ण यांनी लेफ्टनंट आयर्स्ट याच्यावर गोळी झाडली. आयर्स्ट जागीच ठार झाला. रँड ३ जुलैला मरण पावला. समारंभाचे ठिकाण असलेल्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे.

परिणाम : दामोदर यांना १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात फाशी झाली. पोलिसांना चापेकरांची माहिती देणाऱ्या द्रविड बंधूंच्या हत्येबद्दल धाकटे बंधू वासुदेव व सहकारी महादेव रानडे यांना, तसेच रँड प्रकरणात बाळकृष्ण यांना मे १८९९ मध्ये फाशी देण्यात आली.

स्मृती : चिंचवडचा चापेकर चौक व चापेकर वाडा, नचिकेत आणि जयू पटवर्धन यांचा ‘२२ जून १८९७’ हा मराठी चित्रपट (१९७९).

जन्म : अभिनेते अमरीश पुरी (१९३२), टॉम ऑल्टर (१९५०).

इतर : १९४१ – जर्मनीचे सोव्हिएत संघावर आक्रमण. २०२२ – तुकाराम महाराजांच्या पालखीचे आकुर्डीहून पुण्यात आगमन. वारी तिथीनुसार निघत असल्याने ही तारीख दरवर्षी बदलते.