ऑस्कर पुरस्कार-घोषणेतील गोंधळ (२०१७)

अमेरिकेच्या अकॅडमी ऑफ मोशन पिक्चर आर्ट्स अँड सायन्सेस या संस्थेच्या ८९ व्या वार्षिक पुरस्कार-समारंभात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक ‘ला ला लँड’ या चित्रपटास जाहीर झाले आणि काही मिनिटांतच ते व्यासपीठावरूनच मागे घेऊन ‘मूनलाइट’ या खऱ्या विजेत्या चित्रपटास देण्यात आले, ती घटना. हा समारंभ २६ फेब्रुवारी २०१७ रोजी हॉलिवुडमधील डॉल्बी थिएटरमध्ये झाला.

पद्धती : १९४० साली एका वृत्तपत्राने समारंभापूर्वीच विजेत्यांची नावे छापल्यामुळे पुढील वर्षापासून निकाल मोहोरबंद लिफाफ्यांत ठेवण्याची प्रथा सुरू झाली. सभासदांच्या मतांची मोजणी प्राइसवॉटरहाऊसकूपर्स ही हिशेब-तपासनीस संस्था अनेक दशके करीत आली आहे. लिफाफे गहाळ होऊ नयेत अथवा वाटेत अडकू नयेत, म्हणून त्यांचे दोन पूर्ण संच तयार करीत आणि संस्थेचे दोन भागीदार एकेक संच घेऊन रंगमंचाच्या दोन्ही विंगांत उभे राहत. निवेदक ज्या बाजूने प्रवेश करी, त्या बाजूच्या भागीदाराने त्याला लिफाफा द्यायचा आणि दुसऱ्याने आपल्याजवळची त्याच पुरस्काराची प्रत बाजूला काढून ठेवायची, असा संकेत होता.

घटना : शेवटच्या पारितोषिकाच्या आधी लिओनार्दो दिकॅप्रिओ यांनी सर्वोत्कृष्ट अभिनेत्री म्हणून ‘ला ला लँड’मधील एमा स्टोन यांचे नाव जाहीर केले, मात्र त्या पुरस्काराची दुसरी प्रत समोरच्या विंगेतील भागीदाराच्या हाती तशीच राहिली आणि तीच वॉरन बीटी यांना देण्यात आली. ‘बॉनी अँड क्लाइड’ (१९६७) या चित्रपटाला ५० वर्षे होत असल्याने त्यातील प्रमुख कलावंत बीटी व फे डनवे यांना शेवटचे, म्हणजे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पारितोषिक जाहीर करण्याचा मान मिळाला होता. कार्डावरील मजकूर पाहून बीटी घुटमळले व त्यांनी लिफाफ्यात पुन्हा डोकावून पाहिले. त्यांनी कार्ड पुढे करताच डनवे यांनी त्यावरील चित्रपटाचे नाव वाचले. ‘ला ला लँड’च्या निर्मात्यांची आभाराची भाषणे चालू असतानाच रंगमंचावर धावपळ सुरू झाली. अखेर त्यांच्यापैकीच जॉर्डन होरोविट्झ यांनी चूक जाहीर केली, योग्य कार्ड प्रेक्षकांसमोर धरले आणि पारितोषिक दिग्दर्शक बॅरी जेंकिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांच्या स्वाधीन केले. त्या रात्री १४ नामांकने मिळालेल्या ‘ला ला लँड’ने सहा, तर आठ नामांकने मिळालेल्या ‘मूनलाइट’ने तीन पारितोषिके मिळवली.

कारणमीमांसा : घोषणेपूर्वी थोडाच वेळ संबंधित भागीदाराने पडद्यामागून एमा स्टोन यांचे छायाचित्र ट्विटरवर टाकल्याचे उघड झाल्याने त्याच्या अनवधानावर टीका झाली. लाल लिफाफ्यावरील सोनेरी अक्षरे चटकन वाचता येण्याजोगी नव्हती आणि कार्डावर पुरस्काराचे नाव तळाशी बारीक अक्षरांत होते, हेही दोष दाखवण्यात आले. १९६४ च्या समारंभात सॅमी डेव्हिस ज्युनियर यांनाही संगीताच्या पुरस्काराचा चुकीचा लिफाफा मिळाला होता. पण त्यातील नाव त्या पुरस्काराच्या नामांकितांपैकी नसल्याने चूक तेथेच लक्षात आली. २०१७ मध्ये मात्र अभिनेत्रीच्या कार्डावरील चित्रपट सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या स्पर्धेतही असल्याने चुकीची घोषणा खरी भासली. दोन्ही भागीदारांना विजेत्यांची नावे पाठ असत, तरीही ती चूक सुधारण्यास दोन मिनिटांहून अधिक काळ लागला, याकडेही समीक्षकांनी लक्ष वेधले.

परिणाम : प्राइसवॉटरहाऊसकूपर्सने चूक मान्य करून माफी मागितली. त्या दोन भागीदारांना या समारंभाच्या कामातून कायमचे वगळण्यात आले, परंतु अकॅडमीने संस्थेशी असलेला करार चालू ठेवला. नव्या नियमांनुसार तिसरा पूर्ण संच असलेला प्रतिनिधी नियंत्रण-कक्षात बसू लागला, विंगांतील प्रतिनिधींना मोबाइल वापरण्यास मनाई झाली आणि योग्य लिफाफा मिळाल्याची खात्री निवेदक व रंगमंच-व्यवस्थापक या दोघांनीही करणे आवश्यक ठरले. लिफाफ्यावरील पुरस्काराचे नाव मोठ्या अक्षरांत छापले जाऊ लागले. २०१८ च्या समारंभात बीटी व डनवे यांनाच पुन्हा पाचारण करण्यात आले आणि त्यांनी ‘द शेप ऑफ वॉटर’ या चित्रपटाचे नाव विनाविघ्न जाहीर केले.