पन्नास तासांचा आठवडा

मूर्तिजापूरहून यवतमाळकडे जाणारी अरुंद रुळांची आगगाडी सुरू झाली, आणि कारंजा लाड ह्या जुन्या बाजारगावाला कापसाची नवी वाट मिळाली. नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून आणि जैनांच्या जुन्या ग्रंथभांडारांमुळे हे गाव अनेकांना ठाऊक असते. वऱ्हाडी माणसाला मात्र ते आधी आठवते ते कापसासाठी. माघ-फाल्गुनाच्या सुमारास कापसाच्या गाड्यांची रांग लागे, अडत्यांची बोली चाले, आणि जिनाच्या कोठीत रेच्यांसमोर बसलेल्या बाया मुठीमुठीने कापूस आत सारीत. एका अंगाने रुई पडे, दुसऱ्या अंगाने सरकी. नाकातोंडात पीस जाई ते वेगळेच. चारपाच महिने हे चालायचे. मग कापूस संपला की जिन बंद, आणि बाया पुन्हा निंदण-खुरपणीला.

ह्या 'चारपाच महिने' शब्दांत एक इतिहास दडला आहे. तो सहसा कोणी सांगत नाही, म्हणून येथे सांगतो.

आपल्याकडे कारखान्यांचा पहिला कायदा १८८१ सालचा. शंभर माणसे कामाला असतील त्याच कारखान्याला तो लागू होता, आणि वर्षात चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने त्यातून सरळ वगळले होते. जिनांची सुटका तेथेच झाली. पुढे काही वर्षांतच मुंबई सरकारने चौकशी केली तेव्हा खानदेशातल्या जिनांत दिवसरात्र चालणाऱ्या कामाच्या साक्षी पुढे आल्या. त्या वाचून अंगावर काटा येतो. १८९१ साली बायकांना दिवसाला अकरा तासांची मर्यादा मिळाली. थोड्या महिन्यांच्या कारखान्यांना कायद्यात ओढायला मात्र १९११ साल उजाडावे लागले. १९२२ साली वीस माणसांच्या कारखान्यापर्यंत कायदा खाली आला. १९३४ च्या कायद्याने एक नवीन भेद पक्का केला: बारमाही कारखाना आणि हंगामी कारखाना. सरकी काढणे, गाठी दाबणे, साखर, चहा, लाख अशी कामे हंगामी ठरली. बारमाही कामगाराला आठवड्याला चोपन्न तास, हंगामी कामगाराला साठ. मालकांची अडचण खरी होती. पाऊस पडण्यापूर्वी माल निघाला पाहिजे, असे ते म्हणत. पण अडचण मालाची आणि तास बाईचे, हा हिशेब कुणाला खटकला नाही असे दिसते.

वऱ्हाडाला आणखी एक अडचण होती, ती नकाशाची. वऱ्हाड हा निजामाचा मुलूख. १८५३ साली इंग्रजांकडे आला, १९०२ साली कायमच्या पट्ट्याने गेला, पण कागदोपत्री ब्रिटिश हिंदुस्थानात कधी बसला नाही. त्यामुळे नागपूरच्या किंवा दिल्लीच्या सभागृहाने केलेला कायदा येथे आपोआप लागू होत नसे, तो वेगळ्या हुकुमाने लावावा लागे. १९४१ साली 'बेरार लॉज ॲक्ट' नावाचा खास कायदा करून अनेक मध्यवर्ती कायदे वऱ्हाडाला लावले गेले. कारंजा तेव्हा अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यात होते. वाशीम जिल्हा व्हायला १९९८ साल उजाडायचे होते. सारांश, बाई एकाच गावात बसलेली, पण तिच्यापर्यंत कायदा पोचायला दोन वेशी ओलांडाव्या लागत: एक मुलखाची, दुसरी हंगामाची.

आता दिल्लीकडे वळू. १९४२ च्या जुलैत डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. मजुरांचा प्रश्न त्यांना नवा नव्हता. गरोदर कामगार स्त्रियांना पगारी रजा देणारे विधेयक मुंबईच्या कौन्सिलात आले तेव्हा, २८ जुलै १९२८ रोजी, त्यांनी त्याच्या बाजूने भाषण केले होते. त्याच हेतूचे विधेयक मध्यवर्ती सभागृहात ना. म. जोशींनी १९२४ साली आणले होते, आणि १९२५ साली ते फेटाळले गेले होते. जोशी हे सरकारनियुक्त सभासद, पण सरकारलाच दरवर्षी टोचत राहणारे. ह्या गृहस्थांच्या चिकाटीवर स्वतंत्र लेख व्हायला हवा. मुंबईचा प्रसूतीचा कायदा १९२९ चा, मध्यप्रांताचा १९३० चा.

आंबेडकरांच्या कामाची वर्षे युद्धाची होती, आणि युद्ध संपताना आणखी एक प्रश्न दारात येऊन उभा राहिला: लाखो शिपाई घरी परतणार, त्यांचे काय? हा प्रश्न त्यांना केवळ फायलीतून कळलेला नव्हता. वडील सुभेदार, स्वतःचा जन्म महूच्या छावणीतला. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, १११वी महार पलटण उभारली गेली आणि १९२१ साली ती मोडली. युद्धात गेलेली माणसे गावच्या वेशीबाहेर परत आली. तसे पुन्हा होऊ नये म्हणून १९४५ च्या जुलैत मजूर खात्याखाली पुनर्वसन व रोजगार संचालनालय निघाले आणि सेवामुक्त सैनिकांना काम मिळवून देण्यासाठी रोजगार विनिमय केंद्रे उघडली. पुढे १९४८ च्या सुमारास ही केंद्रे सर्वांना खुली झाली. आपल्या तरुणांच्या दोन पिढ्यांनी 'एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज'मध्ये नाव नोंदवून कार्डाची मुदत वाढवली, त्या खिडकीचा उगम परतलेल्या शिपायाच्या चिंतेत आहे, हे फार थोड्यांना माहीत असते.

१९४६ चा वसंत दिल्लीत गडबडीचा होता. मार्चच्या अखेरीस कॅबिनेट मिशन आले. ५ एप्रिलला आंबेडकर मिशनपुढे आपली बाजू मांडायला गेले. एकीकडे देशाची सत्ता कोणाच्या हाती जाणार ह्याची वाटाघाट, दुसरीकडे मध्यवर्ती सभागृहात अंदाजपत्रकाचे अधिवेशन संपत आलेले. कार्यकारी मंडळ फार दिवस टिकणार नाही हे सर्वांना दिसत होते. अशा वेळी सभासद सहसा हात आखडता घेतो; नव्या माणसाला करू द्या, म्हणतो. मजूर खात्याने तसे केले नाही. कारखान्यांच्या कायद्यातली तासांची दुरुस्ती त्याच अधिवेशनात मंजूर झाली. नुकसानभरपाईच्या कायद्याची पगाराची मर्यादा त्याच वर्षी तीनशेवरून चारशे रुपयांवर गेली. आणि ११ एप्रिल १९४६ रोजी किमान वेतनाचे विधेयक सभागृहात मांडले गेले. ते त्या अधिवेशनात मंजूर होणे शक्य नव्हते. पण मांडलेले विधेयक पुढच्या माणसाच्या टेबलावर राहते, न मांडलेले राहत नाही. कामकाज जवळून पाहिलेल्या माणसाला ह्याचे महत्त्व सांगावे लागत नाही.

तासांच्या दुरुस्तीविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. आंबेडकरांनी १९४२ सालीच आठ तासांचा दिवस आणला, असे आज सर्रास छापले जाते. प्रेमाने लिहिलेले असते, पण कायद्याचे पुस्तक वेगळे सांगते. कायदा १९४६ चा, १ ऑगस्टपासून अंमलात आलेला. त्यात बारमाही कारखान्याला दिवसाचे नऊ आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास; हंगामी कारखान्याला दिवसाचे दहा आणि आठवड्याचे पन्नास. जादा कामाला दुप्पट दर. साठ तासांवरून पन्नास, म्हणजे कारंज्याच्या बाईचे आठवड्यातले दहा तास कमी झाले. मोठी गोष्ट आहे, आणि ती खरी असल्यामुळे तिला फुगवण्याची गरज नाही.

परंतु अठ्ठेचाळीस आणि पन्नास ह्यांमधले दोन तास राहिलेच. आदल्या वर्षी, १९४५ साली, झालेला पगारी सुट्ट्यांचा कायदा तर पाहा: बारा महिने सलग काम केलेल्या प्रौढ कामगाराला दहा दिवस, मुलांना चौदा, आणि तेही फक्त बारमाही कारखान्यात. ज्याचा कारखानाच पाच महिने चालतो त्याला बारा महिने कोठून मिळणार? हे कायद्याच्या कर्त्यांना कळत नव्हते असे मी म्हणणार नाही. जेवढे मंजूर होईल तेवढे आधी पदरात पाडून घ्यायचे, बाकी पुढच्या अधिवेशनाला, ही त्यामागची रीत. तिच्यात शहाणपण आहे. मात्र पुढचे अधिवेशन कोणाच्या वाट्याला किती वर्षांनी येईल, हे त्या रीतीत लिहिलेले नसते.

जुलैत कार्यकारी मंडळ गेले. सप्टेंबरच्या २ तारखेला हंगामी सरकार आले (शब्द पाहा, हंगामी!) आणि मजूर खाते जगजीवन राम ह्यांच्याकडे गेले. टेबलावर राहिलेले किमान वेतनाचे विधेयक त्यांच्याच काळात, १९४८ साली कायदा झाले. त्याच्या परिशिष्टात शेतमजुरी आली, पण जिनिंग नव्हते. ते राज्यांनी पुढे आपल्या यादीत घातले. कामगार संघांना सक्तीने मान्यता देणारी दुरुस्ती, जिच्यासाठी आंबेडकरांनी १९४३ पासून धडपड केली होती, ती १९४७ साली मंजूर झाली आणि कधीच अंमलात आणली गेली नाही.

१९४८ च्या नव्या फॅक्टरी ॲक्टने मात्र हंगामी आणि बारमाही हा तासांचा भेद मोडला. जिनातल्या बाईलाही आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास लागू झाले. सदुसष्ट वर्षे लागली. १९५४ साली त्याच कायद्यात पगारी रजेची अट बदलून वर्षात २४० दिवस काम अशी झाली, आणि बारमाही गिरणीतल्या कामगाराला ती सोपी वाटली. कारंज्याच्या जिनाचा हंगाम २४० दिवसांचा कधीच नव्हता.