हा कण आकाशातला, की आपल्या हातचा?

१४ मे १८६४ च्या संध्याकाळी दक्षिण फ्रान्समधील ऑर्गेई या गावाच्या परिसरात आकाशातून काळे दगड पडले. लोकांनी असे सुमारे वीस दगड गोळा केले. त्याच वर्षी क्लोएझ या रसायनशास्त्रज्ञाने त्यांचे पृथक्करण केले, तेव्हा पीट किंवा लिग्नाइट कोळशाची आठवण करून देणारे सेंद्रिय द्रव्य त्यांत आढळले.

येथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करू. सेंद्रिय म्हणजे सजीवांनी बनवलेले, असा अर्थ विद्यार्थी सहज करून घेतात. रसायनशास्त्रात मात्र सेंद्रिय म्हणजे कार्बनची संयुगे. ती सजीवांवाचूनही तयार होतात. त्यामुळे अशनीत सेंद्रिय द्रव्य सापडले की दोन स्वतंत्र प्रश्न उभे राहतात. ते पृथ्वीबाहेरचे आहे काय? आणि असल्यास, ते सजीवांनी घडवलेले आहे काय? पहिल्याचे उत्तर मिळाल्याशिवाय दुसरा विचारण्यात अर्थ नसतो.

१९६१ साली नेमकी हीच घाई झाली. अमेरिकेतील क्लाउस आणि नागी यांनी ऑर्गेईच्या अशनीत सूक्ष्म, गोलसर, शैवालाच्या जीवाश्मांसारखे आकार पाहिले आणि त्यांना ‘संघटित घटक’ असे नाव दिले. मोठी खळबळ उडाली. शिकागो विद्यापीठातील फिच आणि अँडर्स यांनी तपासणी केली. त्यांना काही ‘घटक’ साधे खनिज कण वाटले, तर एक ठळक आकार रॅगवीडच्या परागकणाशी जुळला. रॅगवीड म्हणजे आपल्याकडील गाजर गवताच्याच कुळातील वनस्पती. तिचे पराग हवेतून सर्वत्र पसरतात, मग शतकभर संग्रहालयात राहिलेल्या दगडाला ते कसे चुकणार?

मग निदान बंद बरणीतला दगड तरी विश्वासार्ह मानावा की नाही? माँतोबाँ येथील संग्रहालयात असा एक तुकडा १८६४ पासून काचपात्रात बंद होता. १९६४ मध्ये अँडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. त्या तुकड्यात पाणथळ जागी उगवणाऱ्या गवतासारख्या वनस्पतीचे बी होते, दगडी कोळशाचे कण होते, आणि वरचा चकाकता थर चक्क सरसाचा होता! कोणीतरी दगड भिजवून, त्यात या वस्तू खुपसून तो पुन्हा चिकटवला होता. अशनी पडण्याच्या पाचच आठवडे आधी पाश्चर यांनी पॅरिसमध्ये निर्जीवातून सजीव आपोआप उपजतात या मताविरुद्ध गाजलेले व्याख्यान दिले होते. त्या वादाच्या भरात हा खोडसाळपणा झाला असावा. तो करणारा कोण, हे कधीच उघड झाले नाही.

आकार फसवतो, बंद बरणीही फसवते. तेव्हा खूण रेणूंतच शोधायला हवी होती. आपले दोन तळहात एकमेकांचे आरशातील प्रतिबिंब असतात, पण एकावर एक ठेवले तर जुळत नाहीत. बहुतेक अमिनो आम्लांचे रेणूही असेच ‘डावे’ आणि ‘उजवे’ असतात. पृथ्वीवरील सजीवांची प्रथिने जवळजवळ संपूर्णपणे डाव्या रेणूंची असतात. निर्जीव प्रक्रियेत मात्र साधारणतः दोन्ही सारखेच तयार होतात. म्हणून नमुन्यात डावे रेणू फार जास्त दिसले, तर पहिला संशय आपल्यावरच घ्यावा. १९६५ मध्ये दाखवून देण्यात आले होते की, माणसाच्या बोटाच्या नुसत्या ठशातही अमिनो आम्ले मोजता येतात.

२८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे अशनी पडला. पोन्नमपेरुमा, क्वेनवोल्डेन आणि सहकाऱ्यांनी १९७० मध्ये त्यातील अमिनो आम्ले जाहीर केली. डावे-उजवे रेणू जवळपास समसमान होते, प्रथिनांत नसणारी अमिनो आम्लेही होती, आणि सेंद्रिय द्रव्यातील कार्बन-१३ या जड समस्थानिकाचे प्रमाण पृथ्वीवरील सेंद्रिय द्रव्याहून अधिक होते. एकमेकींवर अवलंबून नसलेल्या तीन साक्षी एकाच दिशेने बोट दाखवत होत्या.

तरीही अशनी जमिनीवर पडतो, हवा आणि ओल सोसतो. त्यावर उपाय म्हणजे लघुग्रहावर जाऊनच नमुना आणणे. जपानच्या हायाबुसा-२ यानाने ६ डिसेंबर २०२० रोजी ऱ्युगू या लघुग्रहाचे सुमारे ५.४ ग्रॅम द्रव्य पृथ्वीवर पोहोचवले. ते ऑर्गेईच्याच गटातले निघाले. त्याच्याशी तुलना करता, ऑर्गेईच्या दगडातील पांढरे क्षार पृथ्वीवरील ओलाव्याने तयार झाले असावेत, या मताला बळ मिळाले. ऱ्युगूच्या नमुन्यातही अमिनो आम्लांचे डावे-उजवे रेणू जवळपास समसमान आढळले.

पण कथा येथे संपत नाही. ऱ्युगूचा एक कण नत्रवायूत बंद करून ब्रिटनमध्ये नेण्यात आला. हवेशी संपर्क आल्यानंतर काही काळाने त्याच्यावर सूक्ष्म तंतू दिसू लागले. मॅथ्यू गेंज आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये लिहिले की, तंतूंची संख्या आधी वाढली, मग घटली. वाढीच्या वेगावरून एका पिढीचा काळ ५.२ दिवस आला. लघुग्रहावरून आलेले जुने अवशेष असे वाढत नाहीत. हे पृथ्वीवरचेच जिवाणू होते. आकाराने ते खरे जीव होतेच; फक्त पाहुणे नव्हते, घरचे होते.

अशा तपासणीत नमुन्यासोबत एक ‘कोरा’ नमुनाही असतो. भट्टीत तापवून सेंद्रिय द्रव्य जाळून टाकलेली खनिज पूड त्याच हातांतून, त्याच भांड्यांतून, त्याच द्रावणांतून नेतात. त्या पुडीत जे सापडेल ते आपले; तेवढे खऱ्या नमुन्याच्या हिशेबातून वजा करावे लागते. शाळेच्या प्रयोगातही ही सवय लावता येते. पाण्याचा नमुना तपासताना शेजारी ऊर्ध्वपातित पाण्याची परीक्षानळी ठेवावी आणि दोन्हींत सारखाच रंग आला, तर तो कोठून आला हे मुलांनाच विचारावे.