संत विन्सेंट डी पॉल सोसायटी : उंबरठा ओलांडून जाणारी सेवा

घरातील कर्ता माणूस अंथरुणाला खिळला, कारखान्याला टाळे लागले किंवा मुलांच्या फीपुरतेही पैसे हाती उरले नाहीत, की धर्मग्रामातील कुणीतरी हलक्या आवाजात सुचवते, “विन्सेंट डी पॉलवाल्यांना सांगून पाहा.” मुंबई, वसई, पुणे येथील भाविकांना हे नाव परिचयाचे आहे. मात्र ही संस्था कुणा बिशपांनी वा धर्मगुरूंनी काढलेली नसून ती विद्यार्थ्यांनी सुरू केली, हे अनेकांना ठाऊक नसते. ज्या संताचे नाव तिने धारण केले आहे, ते विन्सेंट डी पॉल तर १६६० सालीच प्रभूघरी गेले होते.

संस्थेचे प्रमुख संस्थापक फ्रेडरिक ओझानम यांचा जन्म २३ एप्रिल १८१३ रोजी इटलीतील मिलान येथे झाला. बालपण फ्रान्समधील लिऑन शहरात गेले. वडील डॉक्टर होते व अनेक गरिबांवर ते विनामूल्य उपचार करीत. १८३१ च्या अखेरीस ओझानम कायद्याच्या शिक्षणासाठी पॅरिसला आले. तेथे काही काळ ते शास्त्रज्ञ आंपेर यांच्या घरी राहिले. (विजेचा प्रवाह आपण ज्यांच्या नावाने मोजतो, तेच हे आंपेर.) पुढच्याच वर्षी शहरात पटकीची साथ आली. बंगालमधून निघून रशिया, पोलंड असा प्रवास करीत आलेल्या या साथीने काही महिन्यांत एकट्या पॅरिसमध्ये १८ हजारांहून अधिक बळी घेतले. मेलेल्यांत दाटीवाटीच्या वस्त्यांतील मजूर अधिक होते.

त्या काळी विद्यार्थ्यांचे एक चर्चामंडळ भरत असे. तेथे एका विरोधकाने कॅथलिक तरुणांना विचारले, की तुमच्या ख्रिस्तसभेने पूर्वी मोठी कार्ये केली हे मान्य, पण आज तुम्ही काय करता? या प्रश्नाला वादविवादाने उत्तर देता येण्यासारखे नव्हते. ओझानम आणि त्यांचा एक मित्र आपल्याजवळचे उरलेले सरपण उचलून एका गरिबाच्या घरी देऊन आले, असे सांगतात. २३ एप्रिल १८३३ रोजी, ओझानम यांच्या विसाव्या वाढदिवशी, सहा विद्यार्थी आणि एमॅन्युएल बेयी हे वयाने वडीलधारे पत्रकार यांची पहिली सभा एका वृत्तपत्राच्या कचेरीत भरली. चर्चामंडळाला फ्रेंचमध्ये ‘कॉन्फरन्स’ म्हणत. म्हणून आजही धर्मग्रामातील शाखेला कॉन्फरन्स म्हणतात.

उत्साह होता, पण काम कसे करावे याची माहिती त्यांना नव्हती. ती दिली धर्मभगिनी रोझाली रेंद्यू यांनी. संत विन्सेंट व संत लुईझ द मारियाक यांनी १६३३ साली स्थापिलेल्या ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ संघाच्या या सिस्टर मुफ्तार या अत्यंत दरिद्री वस्तीत राहत. त्यांचे तेथील वास्तव्य पन्नास वर्षांहून अधिक काळाचे. पटकीच्या साथीतही त्या रोग्यांमध्ये होत्या. कोणत्या जिन्याच्या वर कोण राहते, कुणाला भाकरीची गरज आहे आणि कुणाला नुसत्या विचारपूसची, हे त्यांना तोंडपाठ असे. त्यांनी या मुलांना पत्ते दिले, भाकरी व कोळशाच्या चिठ्ठ्या दिल्या आणि गरिबांशी धीराने वागायला शिकवले. माझ्या मते संस्थेच्या इतिहासात या माउलीला मिळावे तेवढे स्थान फार उशिरा मिळाले. ९ नोव्हेंबर २००३ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्य घोषित केले. ओझानम यांना हा मान २२ ऑगस्ट १९९७ रोजी पॅरिसमध्येच मिळाला होता.

तेव्हा ठरलेली कार्यपद्धती फारशी बदललेली नाही. सभासद दोघे-दोघे मिळून गरजूच्या घरी जातात. गरजूला चर्चच्या आवारात रांगेत उभे केले, की त्याची अडचण चारचौघांत उघडी पडते. घरी गेल्यावर मात्र तो यजमान असतो आणि आपण पाहुणे. शिवाय घरात बसल्यावरच कळते, की मागितला तांदूळ पण खरी काळजी सावकाराच्या व्याजाची आहे. घरभेटीत जे कळते ते कॉन्फरन्सच्या बाहेर जात नाही. सभेत सभासदांमध्ये एक थैली फिरते. ज्याला जे जमेल ते त्याने घालावे. कुणी किती घातले हे शेजाऱ्यालाही कळत नाही. ज्याच्याकडे त्या दिवशी काहीच नसेल, त्याचाही हात इतरांसारखाच थैलीत जातो.

संस्था वाढली तेव्हा वादही झाले. १८३४ च्या अखेरीस सभासदसंख्या शंभरावर गेली होती. विभाजन करावे तर मैत्री तुटेल, असे काहींना वाटे. ओझानम विभाजनाच्या बाजूने होते. अखेर शाखा झाल्या आणि १८३५ मध्ये नियमावली तयार झाली. १८४४ साली डब्लिनमध्ये शाखा निघाली. पुढच्याच वर्षी आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक कुजून भीषण दुष्काळ सुरू झाला, तेव्हा नव्यानेच उभे राहिलेले हे सभासद मदतकार्यात उतरले आणि इतर देशांतील शाखांनी त्यांना निधी पाठवला.

अशा दानधर्माने अन्यायावर पांघरूण पडते, असा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही ऐकू येतो. ओझानम यांच्यापुरता तो लागू पडत नाही. ज्यांच्याकडे अतोनात आहे आणि ज्यांच्याकडे काहीच नाही, यांच्यातील झगडा हाच काळाचा प्रश्न आहे, असे ते विद्यार्थिदशेपासून लिहीत होते. मजुराला न्याय्य वेतन मिळावे, हा विषय त्यांनी पोप लिओ तेरावे यांच्या १८९१ च्या ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकाच्या पन्नास वर्षे आधी मांडला. सोरबोन विद्यापीठात प्राध्यापक, पती व एका मुलीचा पिता असलेला हा प्रापंचिक ८ सप्टेंबर १८५३ रोजी, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी निवर्तला.

आज संस्थेचे काम सुमारे १५० देशांत चालते. बऱ्या स्थितीतील कॉन्फरन्स दूरच्या गरीब कॉन्फरन्सशी जोडून घेते, तिला नियमित निधी पाठवते, पत्रव्यवहार ठेवते. भारतातील अनेक शाखांना अशी साथ परदेशातून लाभली आहे. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी आली, तेव्हा घरभेट हाच जिचा प्राण, त्या संस्थेपुढे दारेच बंद झाली. बँक खात्यात पैसे पाठवणे सोपे आहे, पण त्यात यजमान आणि पाहुणा हे नाते जुळत नाही.

मदत मागणाऱ्याचा धर्म, जात वा भाषा पाहिली जात नाही. सभासदत्व पुरुष, स्त्रिया व तरुण सर्वांना खुले आहे; स्त्रियांची संस्था १८५६ पासून वेगळी होती, ती १९६७ मध्ये यात विलीन झाली. ज्यांना सहभागी व्हायचे असेल किंवा एखाद्या कुटुंबाची अडचण कळवायची असेल, त्यांनी आपल्या धर्मग्रामातील कॉन्फरन्सच्या अध्यक्षांना भेटावे. कॉन्फरन्स नसेल तर प्रमुख धर्मगुरूंना.