पाहुणे आणि गर्दी

मुंबई बघायला आलेला माणूस पहिल्यांदा गेटवेला जातो. आपणही गेलोय. कबुतरं, फोटोवाले, चणेवाला, पाठीमागं ताज. फोटो काढला, मुंबई बघितली, झालं.

पण या कमानीची जन्मकथा मोठी गमतीची आहे. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ ला अपोलो बंदरावर उतरले. त्यांच्या स्वागताची म्हणून ही कमान. आणि त्या दिवशी ती तिथं नव्हतीच! होता तो पुठ्ठ्याचा नमुना. राजानं पुठ्ठा बघितला आणि पुढं गेला. पायाचा दगड बसला ३१ मार्च १९१३ ला, आणि विटेट साहेबाच्या नकाशाबरहुकूम कमान उभी राहून उघडली ४ डिसेंबर १९२४ ला. २१ लाख रुपये खर्च आला. पाहुणा येऊन गेल्यावर तेरा वर्षांनी दार तयार झालं. आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला गोऱ्यांची शेवटची पलटण याच दारातून चालत बोटीकडं गेली.

दोस्तहो, सांगायचं ते हे, की या शहरानं पाहुणा कोणाला म्हणायचं आणि गर्दी कोणाला म्हणायचं हे फार पूर्वीच ठरवून ठेवलंय. इतिहासाची पुस्तकं पाहुण्यांची लिहिली जातात. गर्दीचा इतिहास लिहायला कोणी बसत नाही. मी बसलोय. चुकलं तर सांगा.

ताजची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. जमशेटजी टाटांना म्हणे वॉटसन हॉटेलात काळा म्हणून घेतलं नाही, म्हणून त्यांनी ईर्ष्येनं ताज बांधलं. १९०३ सालच्या डिसेंबरात ते उघडलं. आता अभ्यासक म्हणतात, या गोष्टीला भक्कम पुरावा नाही. नसू दे. मला वेगळंच वाटतं. एका श्रीमंत माणसाला एका दारात अडवलं, तेही खरं की खोटं माहीत नाही, तरी त्याची दंतकथा होते आणि गाईड ती रोज सांगतो. माझ्या पणज्याला गावातल्या प्रत्येक विहिरीवर अडवलं, ते शंभर टक्के खरं. त्याची दंतकथा झाली नाही. त्यानं हॉटेल बांधलं नाही म्हणून असेल.

याच मुंबईत, त्याच काळात, गिरणीच्या साचाखात्यात महाराला घेत नसत. कारण ऐका. कांडी बदलली की धोट्याच्या छिद्रातून सूत तोंडानं ओढून घ्यावं लागायचं. एकाच धोट्याला दहाजणांचं तोंड. मग बाटेल ना धोटा! साचाखात्यात पगार जास्त, म्हणून तिथं बंदी. आपल्या माणसांना रिंगखातं, नाहीतर झाडलोट. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. ते कापड नेसून लोक गेटवेवर हवा खायला जात होते. कापडाला विटाळ नव्हता, थुंकीला होता.

आता भायखळ्याला चला. राणीची बाग. १८६२ सालची. नाव आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पण आपल्या तोंडात राणीबागच. चाळीतल्या माणसाला परवडणारी सहल हीच. चटणीभाकरी बांधून घ्यायची, पोरांना हत्ती दाखवायचा. २०१६ ला पेंग्विन आले आणि २०१७ ला पाच रुपयांचं तिकीट पन्नास झालं.

बागेच्या आवारातच म्युझियम आहे. १८७२ ला उघडलं, आणि १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावानं चालतं. आत मातीच्या बाहुल्या आहेत. मुंबईतल्या जातीजमाती, त्यांचे धंदे, त्यांची पागोटी, सगळं छोटं छोटं करून काचेत ठेवलेलं. बनवणाऱ्याचा हात फार कसबी, खोटं कशाला बोलू. पण मी त्या काचेपुढं उभा राहिलो आणि काचेत माझंच तोंड दिसलं. पलीकडे बाहुल्या, अलीकडे मी. साहेबाला या देशातली माणसं कपाटात लावायची होती. आपण तिकीट काढून ते कपाट बघायला जातो.

बाहेर दगडी हत्ती आहे. तो घारापुरीचा. या हत्तीवरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव ठेवलं. १८६४ ला इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचं ठरवलं. उचलताना क्रेनची साखळी तुटली, हत्ती आपटला, तुकडे झाले. मग तुकडे इथं आणले आणि १९१४ साली सांधले. नीट बघितलं तर सांधे दिसतात. मला तो हत्ती आवडतो. जायला नकार दिला त्यानं.

घारापुरीला लाँचनं तासभर लागतो. लेण्यातली त्रिमूर्ती बघून माणूस गप्प होतो, हे कबूल केलं पाहिजे. १८७५ ला प्रिन्स ऑफ वेल्स आला तेव्हा त्याच लेण्यात त्याला मेजवानी दिली होती. शंकरासमोर साहेब लोक जेवले आणि देव बाटला नाही. असो. बेटाच्या दुसऱ्या टेकडीवर विटांचा जुना बौद्ध स्तूप आहे. तिकडं फारसं कोणी फिरकत नाही. १९८७ ला लेणी जागतिक वारसा झाली, पण बेटावरच्या तिन्ही गावांत समुद्राखालून केबल टाकून वीज पोचली ती फेब्रुवारी २०१८ ला. पाहुणे शेवटच्या लाँचनं परत जात होते, माणसं अंधारात राहत होती.

आणि बंदर म्हटलं की मला कमान आठवत नाही, बोटी आठवतात. १९१३ साली बाबासाहेब मुंबईहून बोटीनं निघाले, अमेरिकेला शिकायला. त्याच वर्षी गेटवेचा पायाचा दगड बसलेला. १९३० च्या ऑक्टोबरात ते गोलमेज परिषदेला निघाले, तेही बोटीनंच. आणि मधली एक बोट तर कोणी सांगतच नाही. डिसेंबर १९२७, महाडचा सत्याग्रह. धरमतरवरून मोटारीनं जावं तर मोटारवाले अडवतील ही धास्ती. मग २४ डिसेंबरला बाबासाहेब कार्यकर्त्यांना घेऊन पद्मावती बोटीत बसले आणि दुसऱ्या दिवशी दासगावच्या बंदरावर उतरले. त्या रात्री महाडला मनुस्मृती जाळली. या बोटीसाठी कमान नाही. पुठ्ठ्याचीसुद्धा नाही.

७ डिसेंबर १९५६ ला दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांना अग्नी दिला. १९७१ ला तिथं स्तूप झाला. तेव्हापासून दर ६ डिसेंबरला लाखो माणसं येतात. विदर्भ, मराठवाडा, खानदेश, पार परप्रांतातून. जगातल्या कुठल्या शहरात एवढे पाहुणे आले असते तर नगरपित्यांनी तोरणं बांधली असती. इथं काही लोक त्या दिवसात घराला कुलूप लावून लोणावळा गाठतात. पेपरात कचऱ्याचे फोटो येतात. शिवाजी पार्कात पुस्तकांचे स्टॉल लागलेले असतात, अंगठाबहाद्दर बाया नातवासाठी पुस्तक निवडत असतात, त्याचा फोटो क्वचित.

हीच माणसं दुसऱ्या दिवशी मुंबई बघतात. राजगृह बघतात, परळची बी.आय.टी. चाळ बघतात, आणि मग गेटवेला येतात.

मागच्या ७ डिसेंबरला मी तिथं होतो. परभणीकडची एक म्हातारी कठड्याला धरून समुद्राकडं बघत होती. पांढरं लुगडं, पिशवीत गाठोडं बांधून पुस्तकं. फोटोवाला मागं लागला होता, "आजी, ताज येतो मागं, ताज येतो." तिनं ताजकडं बघितलंच नाही. मला म्हणाली,

"लेकरा, हितूनच गेले का रं बाबासाहेब बोटीत?"

मी म्हणालो, "आजी, इथून नसतील. पण पाणी हेच."

"मग मला खाली ने की."

पायऱ्या शेवाळलेल्या. तिचा दंड धरून उतरवलं. लाँचवाला ओरडत होता, "सरका, पॅसेंजर येतायत." ती सरकली नाही. वाकून ओंजळभर पाणी घेतलं, कपाळाला लावलं, जिभेवर एक थेंब ठेवला आणि तोंड वाकडं करून हसली.

"खारट हाय रं," म्हणाली.