श्वानांचा पहिला निवारा

वैनगंगेच्या काठचे बालाघाट पूर्वी मध्यप्रांतात नागपूरच्या जोडीने नांदत होते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि ते मध्य प्रदेशात राहिले. परंतु गोंदिया-भंडाऱ्याशी असलेला त्याचा शेजार काही तुटला नाही. अशा जिल्ह्याच्या गावी चार तरुण एकत्र येतात, मालमोटारीखाली सापडलेले कुत्रे अथवा गटारात टाकून दिलेली पिल्ले उचलून आणतात आणि एखाद्या मोकळ्या जागेवर पत्र्याचे छप्पर उभारून त्यांना आसरा देतात, हे दृश्य आता दुर्मिळ राहिलेले नाही. आरंभी उत्साहाला तोटा नसतो. पुढे मात्र दोन प्रश्न उभे राहतात : खर्च कोणी सोसावयाचा, आणि किती जीवांना आत घ्यावयाचे ? हे प्रश्न आजचे नव्हेत. मुंबई नगरीला ते दोनशे वर्षांपूर्वी पडले होते आणि तिने दिलेले उत्तर आजही विचारात घेण्याजोगे आहे.

मुंबईत मोकाट कुत्री मारण्याचा नियम कंपनी सरकारने १८१३ साली केला होता. उन्हाळ्यात कुत्री पिसाळतात, या समजुतीने वर्षातील ठराविक दिवसांत ही मोहीम चाले. १८३२ साली तिची मुदत वाढविण्यात आली आणि प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवण्यात आले. बक्षिसाच्या लोभाने शिपाई घरांत शिरून पाळीव कुत्रीही ओढून नेतात, असा लोकांचा आक्षेप होता. त्या वर्षी ६ जून रोजी कोटभागातील पारशी समाज खवळून उठला आणि शिपायांना मार बसला. दुसऱ्या दिवशी हिंदू, जैन व इस्माइली व्यापारीही त्यांना मिळाले. बाजार बंद पडला, लष्कराची रसद अडली. अखेर सैन्य बोलवावे लागले आणि धरपकड झाली. इतिहासात हे प्रकरण 'कुत्र्यांचा दंगा' म्हणून नोंदले गेले.

पारशी धर्मात श्वानाला मोठा मान आहे. मृताच्या अंत्यविधीत श्वानाची दृष्टी पडावी लागते. आणि 'वेंदिदाद' या धर्मग्रंथात तर, ज्याच्या जागेत कुत्री व्याली असेल त्याने तिच्या पिल्लांचा सांभाळ केला पाहिजे, असे स्पष्ट बंधन घातलेले आहे. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हा भाव परका वाटू नये. तथापि सरकारची भीतीही सर्वस्वी खोटी नव्हती. त्या काळी पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर इलाज नव्हता. लुई पाश्चरची लस यावयास १८८५ साल उजाडावे लागले. एकीकडे दया आणि दुसरीकडे भय, असा तो पेच होता. आणि दोन्ही बाजू खऱ्या होत्या.

हा पेच दंग्याने सुटला नाही. तो सुटला व्यवहाराने. १८३४ च्या ऑक्टोबरमध्ये जमशेटजी जिजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद ऊर्फ मोतीशा या दोन धनिकांनी पुढाकार घेऊन मुंबईत पांजरापोळ स्थापन केली. एक पारशी, दुसरा जैन. दोघेही दूरदेशी व्यापार करणारे. बेवारशी कुत्री आणि इतर जनावरे गोळीला बळी पडण्याऐवजी येथे आणावीत, हा तिचा उद्देश होता. परंतु या दोघांचे खरे शहाणपण केवळ देणगी देण्यात नव्हते. व्यापारी महाजनांनी आपल्या मालाच्या उलाढालीवर ठराविक लागा देण्याचे मान्य केले. म्हणजे भूतदयेला नित्याच्या उत्पन्नाचा आधार मिळाला. एका शेठजीच्या निधनाने अथवा लोकांच्या उत्साहाला ओहोटी लागल्याने संस्था कोसळणार नाही, अशी ही तजवीज होती. म्हणूनच भुलेश्वरची पांजरापोळ टिकली. लंडनमध्ये मेरी टील्बी या बाईंनी हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठी निवारा उघडला तो १८६० साली, म्हणजे मुंबईनंतर सव्वीस वर्षांनी !

तरीही पांजरापोळीने एक प्रश्न अनुत्तरित ठेवला. कितीही मोठा वाडा बांधला, तरी रस्त्यावर नवी पिल्ले जन्मतच राहतात. याचे उत्तर मद्रासकडून आले. तेथे कॅप्टन व्ही. सुंदरम् या वैमानिकाने पावसाच्या पुरात सापडलेली दोन पिल्ले वाचविली, आणि त्यातून १९५९ साली 'ब्लू क्रॉस' ही संस्था उभी राहिली. कुत्री मारण्याऐवजी त्यांची नसबंदी करावी, लस टोचावी आणि त्यांना मूळ जागी सोडावे, हा मार्ग तिने १९६४ पासून पुरस्कारिला. २००१ साली केंद्र सरकारने तसे नियम केले. २०२३ साली त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीतील सर्वच कुत्री निवाऱ्यात नेण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि त्याच महिन्यात त्यात दुरुस्ती करून, पिसाळलेली व आक्रमक वगळता इतरांना नसबंदीनंतर परत सोडण्यास सांगितले. नोव्हेंबरमध्ये मात्र शाळा, रुग्णालये, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारांतील कुत्री निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश झाला. म्हणजे निवाऱ्याचा प्रश्न महानगरांपुरता उरला नाही; तो बालाघाटसारख्या गावांच्याही दाराशी आला.

या इतिहासातून अशा गावाने काय घ्यावे ? पहिली गोष्ट ही की, निवारा हे साऱ्या मोकाट कुत्र्यांचे कोठार नव्हे. जखमी, आजारी आणि आईवेगळी पिल्ले यांचे ते रुग्णालय असावे. बाकीच्यांसाठी नसबंदी व लसीकरण. दुसरी गोष्ट, पिल्लांची खोली निराळी हवी. पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन्महिने जिवंत राहतो. नवे आणलेले पिल्लू तपासल्यावाचून इतरांत सोडले, तर दयेपोटी आणलेले जीव दयेच्याच घरी दगावतात. तिसरी गोष्ट बालाघाटची स्वतःची आहे. कान्हा राष्ट्रीय उद्यानाचे मुक्की प्रवेशद्वार याच जिल्ह्यात आहे. २०१८ साली गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह मेले. त्यांपैकी काहींत श्वानांना होणाऱ्या डिस्टेंपर रोगाचा विषाणू आढळला. जंगलालगतच्या गावातील कुत्र्याला टोचलेली लस वाघाच्याही हिताची असते, ती यामुळेच.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट उत्पन्नाची. वैनगंगेकाठच्या गावात अफूचे वा कापसाचे शेठ नाहीत. पण तांदळाच्या गिरण्या आहेत, दुकानदार आहेत, शाळा आहेत. शंभर घरांनी दरमहा नेमाने दिलेला लहानसा वाटा एका मोठ्या देणगीपेक्षा अधिक भरवशाचा असतो. करुणेला कोणाच्याही हृदयात क्षणार्धात जन्म मिळतो. तिला दीर्घायुष्य मात्र जमाखर्चाची वहीच देते.