पुढच्या चाकांची बाजू : मॉन्टे कार्लो, १९६४

गाडी चालवण्याची खरी मौज मागच्या चाकांना इंजिनाचे बळ मिळण्यात आहे, असे मानणाऱ्यांचा तर्क पोकळ नव्हता. पुढची चाके वळवणार, मागची ढकलणार; वळणावर ॲक्सिलरेटर दाबला की मागची बाजू बाहेर झुकते आणि चालकाला ती खेळवता येते. ओढण्याचे आणि वळवण्याचे दोन्ही भार पुढच्याच चाकांवर आले, तर जादा जोर देताच गाडी वळायचे सोडून सरळ धावू पाहते.

ब्रिटनमध्ये १९५९ साली आलेली ‘मिनी’ अशाच मांडणीची होती. सुएझ संकटातील पेट्रोलटंचाईनंतर ॲलेक इसिगोनिस यांनी आखलेली ही ८४८ सीसीची काटकसरी गाडी. तिच्यातले शर्यतीचे गुण हेरले जॉन कूपर यांनी. गंमत अशी, की ग्रां प्रीमध्ये चालकामागे इंजिन असलेल्या गाड्यांना विजेतेपद मिळवून देणारे ते हेच!

जानेवारी १९६४ मध्ये पॅडी हॉपकर्क यांनी १०७१ सीसीच्या मिनी कूपर एसमधून मॉन्टे कार्लो रॅली जिंकली. दुसरी आली मागच्या चाकांवर चालणारी व्ही-८ फोर्ड फाल्कन. लहान इंजिनाला झुकते माप देणारा गुणांकनाचा नियम मिनीच्या पथ्यावर पडला, हे मान्य करायलाच हवे.

नियमाने मात्र सारे उलगडत नाही. पुढे १९६५ मध्ये टिमो मॅकिनेन आणि १९६७ मध्ये राउनो आल्टोनेन मिनीतूनच जिंकले. या फिनिश चालकांना एक युक्ती साधली होती. वळणात शिरताना उजवा पाय ॲक्सिलरेटरवरच ठेवायचा आणि डाव्याने ब्रेक दाबायचा. पुढची चाके इंजिनाच्या जोरावर फिरत राहतात, मागची पकड सोडतात. आणि मागच्या चाकांच्या गाड्यांची मिरास समजली गेलेली ती झोकदार घसरण मिनीही बर्फावर करून दाखवते.